श्रूजबेरीला श्रूजबेरी घेऊन

आई-बाबा पुण्याहून आले की बॅगेतून काय काय निघणार हे मला आता पाठ झालंय. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि कपड्यांच्या घड्यांमधे अगदी बाळासारखा जपून ठेवलेला कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांचा बॉक्स. आई निघायच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर कॅम्पात जाते, ईस्ट स्ट्रीटला रांगेत उभी राहते आणि बॉक्स घेऊनच घरी येते, त्याशिवाय तिची बॅग भरून झाली असं ती मानतच नाही.

तर यावेळी ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही लंडनहून परत येत होतो, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट स्टेशनवर उतरलो, आणि आई गाड्यांच्या बोर्डाकडे बघत मधेच थांबली. चष्मा वर केला, एकेक अक्षर लावून वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे बिस्किटाचं गाव आहे की काय?"

हो, तेच. आम्हाला इथे राहायला येऊन सात वर्षं झाली, त्या बोर्डाखालून मी किती वेळा गेले असेन, आणि ते गाव जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे हे माहीत असूनही एकदासुद्धा गेले नव्हते. आईचा चेहरा बघितला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की येत्या शनिवारी श्रूजबेरी. आई म्हणाली बॉक्समधली थोडी बिस्किटं बरोबर घेऊया, त्यांच्या गावाला नेऊन दाखवू. ओजसला (माझा लेक, वय वर्षं ९) ही आयडिया भयंकर आवडली.

शनिवारी सकाळी निघालो. मी, नवरा, ओजस, आई, बाबा, एक थर्मास, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तो बॉक्स. वुल्वरहॅम्टन मागे पडलं, टेलफर्ड गेलं, वेलिंग्टनच्या आसपास खिडकीतून रेकिन नावाचा डोंगर दिसतो, सपाट हिरव्या मुलखात एकटाच उठलेला, आणि मग गाव येतं. गाडीतल्या अनाउन्समेंटमधे 'श्रूजबरी' म्हणतात, शेजारी बसलेल्या आजी 'श्रोजबरी' म्हणाल्या. खरा उच्चार कुठला यावरून खुद्द गावातच दोन पक्ष आहेत म्हणे, त्यामुळे आमच्या पुण्याचा 'श्रूजबेरी' हा तिसरा पक्ष म्हणून चालून जावा.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या बाबा हरवले. म्हणजे हरवले नाहीत, प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे राहिले. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, आणि इथे प्लॅटफॉर्मच्या टोकाशी, रुळांच्या फाट्यामधे, एक तीन मजली उंच लाल विटांची सिग्नल केबिन उभी आहे. सेव्हर्न ब्रिज जंक्शन तिचं नाव, १९०३ साली बांधलेली, आत १८० लिव्हर्स, आणि आज जगात चालू असलेल्या यांत्रिक सिग्नल केबिन्समधली ही सगळ्यात मोठी. म्हणजे कॉम्प्युटर नाही, बटण नाही, आतला माणूस हाताने लिव्हर ओढणार, तारा ताणल्या जाणार आणि तिकडे लांब सिग्नलचा हात हलणार. हे मला आदल्या दिवशी वाचून माहीत होतं पण बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. एका सिग्नलचा हात खाली झुकला (की वर गेला, मला ते अजून कळत नाही) आणि बाबांनी ओजसचा खांदा धरला, म्हणाले, "बघ, आता आत एका माणसाने सगळं अंग मागे टाकून लिव्हर ओढला असेल. नुसत्या हाताने नाही ओढला जात तो, पाय रोवावे लागतात." मग दौंडच्या केबिनच्या गोष्टी सुरू झाल्या, रात्रपाळीच्या, पावसाळ्यात तारा कशा जड व्हायच्या त्याच्या. बाबा घरी नोकरीबद्दल फार बोलत नाहीत. मी चाळिशीला आले आणि यातल्या निम्म्या गोष्टी मला इथे, इंग्लंडातल्या एका प्लॅटफॉर्मवर, पहिल्यांदा ऐकायला मिळाल्या. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो, कोणालाच घाई नव्हती.

स्टेशनातून बाहेर आलं की लगेच चढ लागतो. एका बाजूला लाल दगडाचा किल्ला, समोर पुतळ्यात बसलेला डार्विन. हो, चार्ल्स डार्विन याच गावचा, १२ फेब्रुवारी १८०९ला इथे जन्मला, आणि ज्या इमारतीसमोर त्याचा पुतळा आहे ती त्याची शाळा. आता तिथे गावाचं वाचनालय आहे. शाळा १५५२ सालची. लहानपणी तो आणि त्याचा मोठा भाऊ घरच्या बागेतल्या खोलीत रसायनांचे प्रयोग करायचे म्हणून शाळेतली पोरं त्याला 'गॅस' म्हणून चिडवायची, आणि असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतो म्हणून हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर झापलंही होतं. ओजसला हे सांगितल्यावर तो पुतळ्यासमोर बराच वेळ थांबला, एरवी पुतळ्यांपाशी थांबणारा मुलगा नाहीये तो.

तिथून जवळच गावाचा नकाशा बघायला आम्ही थांबलो आणि बाबा एकदम म्हणाले, "अरे हे तर विजयदुर्ग!"

थोडं सांगायला हवं. बाबा मूळचे देवगड तालुक्यातले. विजयदुर्गच्या जवळचं गाव, लहानपण सगळं त्या किल्ल्याच्या तटावर गेलेलं. आणि नकाशा बघाल तर खरंच तसंच आहे. सेव्हर्न नदी, ब्रिटनमधली सगळ्यात लांब, ३५४ किलोमीटर, ती या गावाभोवती असा वेढा घालते की गाव जवळजवळ बेटावर बसलंय. तीन बाजूंनी पाणी, आत शिरायला जमिनीची एक चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर बरोब्बर किल्ला. नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकात हीच जागा हेरली कारण इथून वेल्सची हद्द जवळ. विजयदुर्गला नदीऐवजी समुद्र आणि वाघोटन खाडी, तिथेही तीन बाजूंनी पाणी आणि जमिनीकडची एकच वाट. बाबांनी नकाशावर बोट फिरवून ओजसला दाखवलं, इथे खंदक खणला असता, इथे तोफा लावल्या असत्या. किल्ल्यात आता सैनिकांचं म्युझियम आहे, आम्ही आत गेलो नाही, बाहेरच्या बागेतून एक चक्कर मारली, कारण आईचं लक्ष आता बिस्किटाकडे होतं.

किल्ल्याच्या रस्त्यावर एका दुकानाच्या भिंतीला एक पाटी आहे, त्यावर लिहिलंय की याच जागेवर पेलिन नावाच्या माणसाने १७६० साली त्याच्या कृतीने श्रूजबेरी केक बनवले. इथे त्याला केक म्हणायचे, पण ती बिस्किटंच, पातळ आणि खुसखुशीत. आणि पेलिनच्याही आधीपासून ती होतीच, म्हणजे १६५८च्या एका पाककृतीत लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात घालून ठेवायला सांगितलंय, वर आलं घालायचं. पण मला सगळ्यात आवडली ती १६०२ची गोष्ट. हर्बर्ट नावाच्या एका तरुण उमरावाने आपल्या पालकाला लंडनला हे केक पाठवले आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की माझं प्रेम याच्या पदार्थावरून मोजू नका, तो ठिसूळ आहे, याच्या आकारावरून मोजा, तो गोल आहे. मी हे आईला भर रस्त्यात मराठीत करून सांगितलं. ती काही बोलली नाही, पाटीवर हात ठेवून उभी राहिली, मी फोटो काढला. तो फोटो आता तिच्या फोनवर वॉलपेपर आहे.

मग गावात शिरलो. इथल्या घरांबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. काळ्या लाकडाचे सांगाडे आणि मधे पांढरा गिलावा, पाचशे पाचशे वर्षांची घरं, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, त्याच्या वरचा आणखी पुढे, गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरं वर एकमेकांच्या इतकी जवळ येतात की मधे आभाळाची नुसती एक फीत दिसते. गल्लीबोळांना इथे 'शट' म्हणतात, या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जायचे चोरवाटेसारखे बोळ, आणि रस्त्यांची नावं काय एकेक, वाइल कॉप, डॉगपोल, मार्डोल, शॉपलॅच. एक बुचर रो आहे, म्हणजे खाटिक आळी, तिथल्या जुन्या लाकडी घराला खाली अजून रुंद फळ्या आहेत ज्यावर मांस मांडायचे. एक फिश स्ट्रीट, एक मिल्क स्ट्रीट. आईचं माहेर तांबट आळीजवळचं, तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "आपल्याकडे पण असंच होतं की, जो धंदा ती आळी." मग आई पुढे आणि आम्ही मागे. गुडघे दुखतात म्हणणारी बाई एका शटमधून शिरून दुसऱ्यातून बाहेर येत होती, प्रत्येक तुळई खालून वर बघत होती. एका ठिकाणी म्हणाली, आमचा वाडा पाडला तेव्हा असलीच सागाची तुळई निघाली होती, कोणीतरी फर्निचरसाठी घेऊन गेलं. इथे साडेसहाशेच्या वर इमारती संरक्षित यादीत आहेत, म्हणजे मालकालासुद्धा मनाला येईल तसं पाडता-बदलता येत नाही. मला तिथे खरंच वाईट वाटलं. तांबट आळीतल्या त्या वाड्याच्या चौकात मी लहानपणी खेळलेय, तिथे आता पार्किंग आहे.

आणि मग आम्ही स्क्वेअरमधे आलो.

स्क्वेअर म्हणजे गावाचा चौक. एका बाजूला १५९६चा जुना मार्केट हॉल, वर दालन आणि खाली कमानींचा उघडा मंडप, जिथे लोकरीचा आणि कापडाचा व्यापार चालायचा. एका खांबाच्या दगडात ओळीने भोकं पाडलेली आहेत, माल मोजताना हिशोब ठेवायला, खुंटी या भोकातून पुढच्या भोकात. ओजसने प्रत्येक भोकात बोट घालून बघितलं. आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला उंच चौथऱ्यावर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा.

मला माहीत होतं पुतळा आहे ते. क्लाइव्ह याच परगण्यातला, १७२५ साली जन्मला, पुढे १७६१पासून मरेपर्यंत या गावाचा खासदार होता, १७६२ला मेयरही झाला. पुतळा १८६०चा. २०२०मधे हा पुतळा हलवा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या होत्या, पण कौन्सिलने तो ठेवायचं ठरवलं. माझ्या डोक्यात क्लाइव्ह म्हणजे प्लासी, म्हणजे बंगाल. शाळेत आपण तेवढंच शिकतो. बाबा मात्र पुतळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि चेहरा एकदम बदलला त्यांचा. ओजसला म्हणाले, "इकडे ये. हा माणूस आपल्या विजयदुर्गाला येऊन गेलाय."

मला हे खरोखर माहीत नव्हतं. त्या किल्ल्यावर मी चार-पाच वेळा तरी गेले असेन, सगळी सुट्टी त्या तटावर पळण्यात गेली, आणि मला माहीत नव्हतं.

बाबांनी त्याला सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. विजयदुर्ग तेव्हा तुळाजी आंग्र्यांकडे होता, कान्होजींचा मुलगा. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणायचे, शेजारच्या गिर्ये गावावरून. कोकणच्या किनाऱ्यावर आंग्र्यांचं आरमार असं होतं की इंग्रज, डच, पोर्तुगीज सगळ्यांनाच त्यांचा धाक. पण तुळाजी पेशव्यांनाही जुमानत नव्हता, नानासाहेब पेशव्यांचं आणि त्याचं पटत नव्हतं, आणि पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ला इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला. आणि फेब्रुवारी १७५६मधे ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गासमोर आली, जमिनीवरच्या फौजेचा सेनापती क्लाइव्ह. तो खरं तर दख्खनमधे फ्रेंचांशी लढायच्या बेताने मुंबईला आला होता, ते बारगळलं म्हणून या कामावर निघाला. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. किल्ला बोलण्यातून मराठ्यांच्या हातात जाईल म्हणून इंग्रजांनी थांबायचं नाही असं ठरवलं आणि तोफा डागल्या. एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, जहाज पेटलं, आणि जहाजं एकमेकांना लागून उभी होती त्यामुळे आग या जहाजावरून त्या जहाजावर. सगळं आरमार बंदरातच जळलं. रात्री क्लाइव्हने फौज उतरवली ती नेमकी किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधे, म्हणजे मित्रालाही आत जाता येऊ नये. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला तो त्यांनी आपसात वाटून घेतला, वाटणी कशी करायची हे तर मुंबईहून निघण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. किल्ला पेशव्यांना द्यायचा करार होता, तोही लगेच दिला नाही, ऑक्टोबरमधे तह झाला, बाणकोट आणि आसपासची गावं घेतली तेव्हा सोडला. आणि तुळाजी पुढे पेशव्यांच्या कैदेतच गेला.

प्लासी त्याच्या पुढच्या वर्षी, जून १७५७.

बाबा हे सगळं मराठीत सांगत होते, जरा मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू येतं त्यामुळे आवाज चढतो. शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघत होते. एरवी मी म्हटलं असतं बाबा, जरा हळू. त्या दिवशी नाही म्हटलं. त्या चौकात क्लाइव्ह इतकी वर्षं उभा आहे, विजयदुर्गचं नाव तिथे एवढ्या मोठ्या आवाजात कोणी घेतलं असेल असं मला वाटत नाही, आणि घ्यायलाच हवं होतं.

ओजसने विचारलं, "पण आजोबा, पेशवे आपल्या साइडचे होते ना? मग त्यांनी ह्याला का बोलावलं?"

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेच तर. लहानपणापासून मी पण तेच विचारतोय." तुळाजीने किनाऱ्यावर लोकांना त्रास दिला होता हेही खरं आहे, ते त्यांनी लपवलं नाही. पण समुद्रावर आपल्याकडे जे सगळ्यात मोठं होतं ते जाळायला आपणच पाहुणा बोलावला हे त्यांना अजून सहन होत नाही, अडीचशेच्या वर वर्षं होऊन गेली तरी. ते पुतळ्याला काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले आणि मग आईला म्हणाले, "चल गं, भूक लागली."

जाता जाता एका छोट्या दुकानात इथली श्रूजबेरी बिस्किटं मिळाली. काउंटरवरच्या बाईंना आईने स्वतः, तिच्या इंग्रजीत, सांगितलं की आमच्या पुण्यात तुमच्या गावाच्या नावाचं बिस्कीट मिळतं, १९५५पासूनची इराणी लोकांची बेकरी आहे, लोक रांगा लावतात. आणि पिशवीतून तो बॉक्स काढून पुढे केला. बाईंनी बॉक्सवर इंग्रजीत लिहिलेलं आपल्या गावाचं नाव वाचलं, परत वाचलं, मग आतल्या खोलीत कोणाला तरी हाक मारून बोलावलं, दोघींनी एकेक बिस्कीट खाल्लं. काय म्हणाल्या ते शब्दश: आठवत नाही पण त्यांनी आईला काउंटरच्या या बाजूला येऊन मिठी मारली. आईने आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी बाईला मिठी मारली असेल.

जेवायला क्वारीत गेलो. क्वारी म्हणजे नदीकाठचं मोठं उतरतं पार्क, लिंबाची म्हणजे लाइमची उंच झाडं (आपलं लिंबू नव्हे, वेगळं झाड), मधे डिंगल नावाची खोलगट बाग, पूर्वीची दगडाची खाण. वरच्या अंगाला सेंट चॅड्स चर्च दिसतं, चक्क गोल. जुनं चर्च १७८८ला कोसळलं. थॉमस टेलफर्ड, पुढे मोठा पूल बांधणारा झाला तो, त्याला छप्पर गळतंय म्हणून बघायला बोलावलं होतं, त्याने सांगितलं छप्पर सोडा, अख्खं चर्चच पडेल, कोणी ऐकलं नाही आणि थोड्याच दिवसांत ते पडलं. हे गोल चर्च १७९२चं, डार्विनचा बाप्तिस्मा इथेच झाला. गवतावर चादर पसरून दशम्या खाल्ल्या, चहा ओतला, आणि मग दोन्ही बिस्किटं शेजारी शेजारी ठेवली.

इथलं पातळ आहे, कडक, लिंबाच्या सालीचा वास येतो, दाताखाली कट्कन मोडतं. आपलं जाड, तुपकट, तोंडात टाकलं की विरघळतं. नावाशिवाय दोघांत फारसं काही सारखं नाही. ओजसने इथलं पसंत केलं, नवऱ्याने पुण्याचं. आई बराच वेळ चघळत होती, म्हणाली, "हे चांगलंय. पण हे वेगळंच आहे. आपण नाव तेवढं घेतलं, बिस्कीट आपलं आपण केलं." बाबा म्हणाले, नाव कसं आलं माहितीये का, १८१८ला पेशवाई गेली, कॅम्पात गोरी पलटण येऊन राहिली, त्यांच्या जिभेसाठी बेकऱ्या आल्या, नाव त्या वाटेने आलं. "मघाशी त्या चौकात बघितला ना, त्याच्याच मागोमाग." आईने त्यांच्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो, येऊ दे कसंही आलेलं. रांगेत उभं राहून मी आणते ना, ते माझं आहे." यावर बाबांनी आणखी एक बिस्कीट घेतलं, पुण्याचं.

दुपारी सॅब्रिना नावाच्या बोटीत बसलो. सॅब्रिना हे सेव्हर्नचंच जुनं लॅटिन नाव. वेल्श ब्रिजजवळून निघते, गावाला वळसा घालत इंग्लिश ब्रिजपर्यंत जाते आणि परत. एक पूल वेल्सच्या दिशेचा, एक इंग्लंडच्या, इतकी सरळ नावं. पाणी शांत, हंस, कॉलेजची पोरं वल्ही मारत चाललेली. पण ही नदी दर काही वर्षांनी गावात शिरते, फ्रँकवेल भागात पूर येणार असं कळलं की आडोशाच्या तात्पुरत्या भिंती उभ्या करतात. हे ऐकल्यावर आई पानशेतबद्दल बोलायला लागली. १२ जुलै १९६१ला ती सहा वर्षांची होती, वडिलांच्या खांद्यावर बसून वाड्यातून बाहेर पडली होती, खाली चिखलाचं पाणी आणि त्यात तरंगणारा त्यांचा पाट, एवढंच तिला आठवतं. ओजस तिला चिकटून ऐकत होता. मला वाटलं होतं आपण मुलाला इंग्लंडचा इतिहास दाखवायला नेतोय.

ॲबी, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ, बघायची राहिली, १०८३ची आहे. फ्लॅक्समिल, म्हणजे जवसाच्या धाग्याची जुनी गिरणी, राहिली, जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत, १७९७ची, आजच्या उंच टॉवर्सची खापरपणजी म्हणतात तिला. तिथे जायला गावाबाहेर थोडं लांब जावं लागतं आणि आईचे गुडघे आता खरंच बोलायला लागले होते. परत येऊच. स्टेशनवर बाबांसाठी आम्ही मुद्दाम एक गाडी सोडली, त्यांना संध्याकाळच्या उजेडात केबिन पुन्हा बघायची होती. आतल्या माणसाने खिडकीतून हात केला, बाबांनी केला.

गाडीत ओजसने वही काढून चित्र काढलं. एका पानावर नदीचा वेढा आणि त्यात गाव, समोरच्या पानावर समुद्राचा वेढा आणि त्यात किल्ला. किल्ल्यासमोर जहाजं काढली, बरीच. मी म्हटलं आग नाही काढलीस? तर म्हणाला, "नाही, ही आधीची आहेत."

आई रिकाम्या झालेल्या बॉक्समधे इथली पाकिटं लावून बसवत होती, भिशीच्या बायकांसाठी. आणि बाबा ओजसला डिसेंबरचा रस्ता सांगत होते, पुण्याहून पहाटे निघायचं, कोल्हापूर, मग गगनबावडा, घाट उतरून तळेरे, तळेऱ्याहून समुद्राच्या रस्त्याला लागायचं, पडेल कॅन्टीनला चहा, मग गिर्ये, तिथे रामेश्वराच्या देवळात नमस्कार करायचा, आणि शेवटच्या वळणावर, "तू डाव्या खिडकीत बस हं, तिथून तट दिसायला लागतो."